तळव्याचे टाके सातव्या दिवशी काढू नका

भांडुपच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आईचं वय ६१, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आठ दिवसांपूर्वी नारळ फोडताना कोयता निसटला आणि डावा तळहात आणि मनगट कापलं. तळव्यावर सहा टाके, मनगटाच्या घडीजवळ चार. केसपेपरवर ‘दहा दिवसांनी टाके काढणे’ असं लिहिलंय. घराजवळच्या दवाखान्यातले कंपाउंडर सातव्या दिवशीच काढून देतो म्हणत होते, आणि फॅमिली डॉक्टर म्हणतात चौदा दिवस थांबा. त्यात बाराव्या दिवशी गणपतीसाठी कोकणात जायची तिकिटं काढलेली. कोणाचं ऐकायचं?

तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं. सातव्या दिवशी टाके काढू दिले नाहीत हे फार बरं केलंत. पण टाक्यांच्या आधी दुसरी एक गोष्ट आहे आणि ती आजच बघायला हवी, म्हणून तिथून सुरुवात करते.

आईंना पलंगावर बसवा, डावा हात मांडीवर उताणा ठेवायला सांगा आणि अगदी सैल सोडायला सांगा. सैल सोडलेल्या हाताची बोटं आपोआप थोडी वाकतात. तर्जनी सगळ्यात कमी, करंगळी सगळ्यात जास्त, मधली दोन त्या क्रमाने. एखादं बोट या रांगेतून बाहेर पडून सरळ राहिलेलं दिसलं तर त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडून बोट वाकवणारी दोरी, तुटला असण्याची शक्यता आहे. मग एकेका बोटाचं मधलं पेर तुमच्या चिमटीत धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा. अंगठ्याचंही तसंच. जोर लावायला सांगू नका, हलतंय का एवढंच बघा. नंतर अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावायला सांगा. शेवटी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा प्रत्येक बोटाच्या टोकाला हलकेच लावा आणि उजव्या हातासारखंच कळतंय का ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असेल तर मनगटातून जाणारी मधली नस (रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी) दुखावलेली असू शकते. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर असेल तर करंगळीच्या बाजूची. नस तुटलेल्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे ते बोट हाताला कोरडं आणि गुळगुळीत लागतं. मुंबईच्या या दमट हवेत तर हा फरक चटकन जाणवतो.

हे सगळं कॅज्युअल्टीत बघितलेलं असतं, बहुतेक वेळा नीटच बघितलेलं असतं. पण रक्त वाहतंय, माणूस घाबरलेला, शेजारी अपघाताचे तीन पेशंट, अशा वेळी अर्धवट कापलेला टेंडन नजरेतून निसटू शकतो. मी गेली २२ वर्षं मुंबईत हातांच्या जखमा शिवते आहे आणि माझ्याकडे आलेल्या, नजरेतून सुटलेल्या टेंडनांपैकी बरेचसे टाके काढायच्या दिवशी लक्षात आलेले आहेत. तोवर उशीर होतो. तळव्याच्या बाजूचा टेंडन पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोडला तर काम चांगलं होतं. तीन आठवड्यांनंतर त्याचं टोक आत ओढलं जातं, स्नायू आखडतो, आणि मग दुसरीकडचा टेंडन काढून इथे लावावा लागू शकतो. म्हणून आठव्या दिवशीच्या या पाच मिनिटांना मी एवढं महत्त्व देते. काही शंका आली तर टाक्यांच्या तारखेची वाट न बघता हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनला गाठा. सायन, केईएम, नायर, जेजे या सगळ्या ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे.

सगळी बोटं हलताहेत, सगळीकडे स्पर्श कळतोय, तर आता टाके.

सात दिवसांचा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. तो चुकीचा नाही, फक्त या जागेचा नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, तिथे पाचव्या दिवशी टाके निघतात. डोक्यावरचे सात ते दहा दिवसांनी. हाताच्या मागच्या बाजूची कातडी पातळ आणि सैल असते, तिथे आठ ते दहा दिवस पुरतात. बोटांच्या सांध्यांवर, जिथे मूठ मिटली की कातडी ताणते, तिथे दहा ते चौदा. बोटाच्या टोकाला दहा-बारा. मनगटाच्या आतल्या बाजूला दहा ते चौदा. आणि तळव्याला मी चौदाच्या आत हात लावत नाही. दिवस मोजताना टाके घातले तो दिवस शून्य धरायचा. बरेच जण तोच पहिला धरतात आणि एक दिवस तिथेच कमी होतो.

तळव्याची कातडी वेगळीच असते. वरचा मेलेल्या पेशींचा थर जाड, केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत, घाम मात्र भरपूर. खाली ती दणकट तंतूंनी पक्की बांधलेली असते. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून हलवता येते, तळव्याची येत नाही. वस्तू धरताना ती सरकू नये म्हणून ही सोय आहे. पण त्यामुळेच पंजा पूर्ण उघडला की तळव्यावरच्या जखमेच्या कडा थेट एकमेकींपासून ओढल्या जातात. मध्ये सैलपणा नाहीच. शिवाय तळवा दिवसभर काहीतरी धरतो. लोकलच्या डब्यातला दांडा, पिशव्या, कढईचा कान, दाराची कडी. आपण हात वापरत नाही असं म्हणणारा माणूसही दिवसातून शंभरदा काहीतरी पकडतो.

जखम वरून बंद होणं आणि आतून जोडली जाणं यांत मोठं अंतर आहे. नीट शिवलेली जखम वरून एक-दोन दिवसांत मिटते. आतला जोड, म्हणजे कोलॅजनचे धागे, चौथ्या-पाचव्या दिवसापासून विणायला लागतात, आणि ते काम संथ असतं. दोन आठवड्यांनी त्या जागेला मूळ कातडीच्या साधारण १० टक्के ताकद येते. तीन आठवड्यांनी २० टक्क्यांच्या पुढे, दीड महिन्याने निम्म्याच्या आसपास, आणि तीन महिन्यांनी ८० टक्के. पूर्ण शंभर कधीच येत नाही. म्हणजे चौदाव्या दिवशी टाके काढले तरी त्या दिवशी हात बरा झालेला नसतो. दोरा काढल्यावर कडा आपणहून एकत्र राहतील एवढीच त्याची ताकद आलेली असते.

हे मी एका काकांच्या हातावरून शिकले. मी शिकाऊ डॉक्टर होते. ते हातगाडी ओढायचे. पत्र्याने तळवा आडवा कापला होता, पाच टाके होते. आठव्या दिवशी आले आणि म्हणाले, ताई, टाके काढा, घरी बसून आठवडा गेला. जखम कोरडी, बंद, लाली नाही. मला वाटलं झालं. काढून टाकले. दोन दिवसांनी ते फडकं गुंडाळून परत आले. गाडी चढावर ओढताना जखम या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली होती. पुन्हा शिवण्यासारखी ती उरली नव्हती. आतून भरून येईपर्यंत रोज ड्रेसिंग, पाच आठवडे. त्यांचं काम काय आहे हे मी केसपेपरवर स्वतः लिहिलं होतं आणि टाके काढताना ते वाचलं नव्हतं. तेव्हापासून टाके काढायच्या आधी मी पेशंटला विचारते की उद्या सकाळी या हाताने काय करणार आहात.

तुमच्या आईंच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर गणपतीत दडलेलं आहे, त्याकडे येतेच. आधी मधुमेह.

साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जंतूंना फावतं, आणि कोलॅजन उशिरा बनतं. सगळ्या मधुमेहींची जखम उशिरा भरते असं नाही. साखर आटोक्यात असेल तर फार फरक पडत नाही. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर उद्यापासून चार दिवस सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहून ठेवा. जेवणानंतरची सतत २०० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण त्या परिस्थितीत चौदाचे सोळा-अठरा दिवसही करावे लागतील. स्टिरॉइड घेणारे, किडनीचा आजार असलेले, रक्त फार कमी असलेले, यांनाही हेच लागू. आणि तंबाखू. सिगारेटच नाही, मिश्रीसुद्धा. कोकणातल्या आमच्या अनेक मावश्या-आज्यांना मिश्रीची सवय असते आणि ती कोणी डॉक्टरला सांगत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि हातापर्यंत पोचणारं रक्त आकसलेल्या वाटेनेच येतं. आई लावत असतील तर निदान हा महिनाभर थांबवा. रागावू नका, समजावून सांगा.

मग टाके उशिरा काढले तर काय बिघडतं, असं कोणी विचारेल. चेहऱ्यावर बिघडतं. टाका आठवड्याच्या पुढे राहिला की दोऱ्याच्या वाटेने कातडी आत उतरू लागते आणि टाक्यांच्या भोकांचे व्रण, रेल्वेच्या रुळांसारखे, कायमचे राहतात. तळव्यावर हे व्रण फारसे दिसत नाहीत. त्यामुळे तळव्यावर दोन दिवस जास्त ठेवण्यात नुकसान अगदी थोडं आणि दोन दिवस आधी काढण्यात मोठं. पण महिनाभर विसरून राहायचं असंही नाही. जुन्या दोऱ्याभोवती पू धरतो आणि दोरा कातडीत रुतून बसतो, मग काढताना त्रास होतो.

केसपेपरवरच्या ‘दहा दिवसांनी’ला मी चूक म्हणणार नाही. त्याचा अर्थ असा घ्या की दहाव्या दिवसाच्या सुमारास जखम कोणीतरी बघावी. बघून त्यांनी ठरवावं.

त्या दिवशी काय बघतात ते सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल. जखमेच्या रेषेवर बोटाने हळू दाबलं तर पाणी येतं का. रेषेच्या दोन्ही बाजूंना हलका ताण दिला तर फट दिसते का. टाक्यांभोवतीची लाली कमी होत चालली आहे की पसरते आहे. तळव्यावर एक गोष्ट पाहून लोक घाबरतात: जखमेच्या कडेचा जाड पांढरा थर उचलला जातो, सोलून निघतो, जखम उघडली असं वाटतं. तो मेलेला थर आहे. खाली गुलाबी, बंद कातडी असेल तर सगळं ठीक आहे. तो ओढून काढू नका.

शंका असेल तेव्हा मी एकाआड एक टाके काढते. सहापैकी तीन काढले, कडा जागेवर राहिल्या, तर उरलेले दोन-तीन दिवसांनी. काढलेल्या जागी आडव्या चिकटपट्ट्या लावते, पण तळव्यावर घामाने त्या टिकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबून लवकर टाके काढणं मला पटत नाही. काढताना सुई लागत नाही, भूल लागत नाही. सुकलेलं रक्त सलाइनने भिजवून मऊ करायचं, चिमट्याने गाठ उचलायची, गाठीखालचा एकच दोरा अगदी कातडीलगत कापायचा आणि जखमेच्या दिशेने ओढून घ्यायचा. कातडीलगत कापल्याने बाहेरचा मळका दोरा आतून जात नाही, आणि जखमेच्या दिशेने ओढल्याने कडा फाकत नाहीत. कोणी दोन्ही बाजूंनी दोरा कापला तर मधला तुकडा आत राहतो आणि काही आठवड्यांनी तिथे फोड येतो. म्हणून मोजून घ्या. तळव्याचे सहा, मनगटाचे चार, दहा गाठी ट्रेमध्ये दिसल्या पाहिजेत. घरी नेलकटरने किंवा ब्लेडने हे करू नका.

इतर वाचकांसाठीही थोडं. लहान मुलांच्या बोटांना आम्ही बऱ्याचदा विरघळणारे टाके घालतो. ते दोन-तीन आठवड्यांत गळून पडतात, काढावे लागत नाहीत. ज्यांना कुत्रा चावला आहे त्यांनी टाक्यांचा विचारच नंतर करावा: आधी १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुणं, रेबीजची लस, आणि रक्त आलेल्या चाव्याला जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), तो चावा शक्यतो शिवत नाहीत. मारामारीत दात लागून बोटाच्या सांध्यावर झालेली जखमही शिवत नाहीत, ती दिसते छोटी आणि सांधा सडवते. टेंडन जोडलेल्यांचे टाके दोन आठवड्यांनी निघाले तरी स्प्लिंट, म्हणजे हात एका जागी धरून ठेवणारा आधार, साधारण सहा आठवडे राहतो. टाके निघाले म्हणून स्प्लिंट काढून टाकणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि तुटलेला टेंडन दुसऱ्यांदा जोडणं फार अवघड असतं.

उरलेले दिवस जखम कशी सांभाळायची? हा भाद्रपद आहे, हवा ओली आहे. पहिल्या ४८ तासांनंतर नळाच्या पाण्याखाली अर्धा मिनिट धुतलं आणि स्वच्छ कापडाने टिपलं तर चालतं, फॅमिली डॉक्टरांना विचारून करा. हात पाण्यात बुडवून ठेवणं चालत नाही: भांडी नाहीत, कपडे नाहीत, तांदूळ धुणं नाही. अंघोळीपुरती प्लास्टिकची पिशवी बांधा आणि लगेच काढा. दिवसभर पिशवी किंवा रबरी मोजा घातला की आत घाम साचून कातडी पांढरी, भिजलेल्या पोह्यासारखी होते आणि टाके तिला धरू शकत नाहीत. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. निर्जंतुक करायचं म्हणून रोज डेटॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड थेट ओतू नका, नवीन पेशी त्याने मरतात. भात, आंबट, वांगं बंद करायची गरज नाही. उलट डाळ, अंडं, मासे, जे चालत असेल ते रोज जेवणात हवं. हात उशीवर, छातीच्या उंचीवर ठेवायचा. टेंडन शाबूत आहेत हे नक्की झालं असेल तर बोटं दिवसातून पाच-सहा वेळा हळू मिटायची, उघडायची. पंजा ताणून सपाट करायचा नाही. हात बांधून चौदा दिवस निश्चल ठेवला तर या वयात बोटं आखडतात, आणि तो आखडलेपणा जखमेपेक्षा जास्त दिवस पुरतो. डाव्या हातात अंगठी असेल तर आजच काढा.

ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, लाली पसरतेय, पू येतोय, ताप आहे, मनगटापासून कोपराकडे लाल रेघ चढतेय, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. बोटाची चार लक्षणं वेगळी लक्षात ठेवा: बोट सगळं एकसारखं सुजलेलं, आपोआप वाकलेलं, आतल्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत दाबलं की दुखणारं, आणि कोणी सरळ करायला गेलं की कळ येणारं. शिकागोचे सर्जन ॲलन कॅनावेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही लक्षणं सांगितली आणि आजही आम्ही तीच बघतो. टेंडनच्या नळीत जंतू शिरल्याची ती खूण आहे. तेव्हा सकाळची वाट बघत रात्र काढायची नसते.

आता प्रवास. तिकिटं रद्द करायची गरज नाही. अकराव्या दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे जा. साखर ठीक आणि जखम कोरडी असेल तर मनगटाचे एकाआड एक दोन टाके ते बहुधा काढतील. तळव्याचे सहाही तसेच राहू द्या. टाके कधी घातले, किती घातले, किती उरले, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं हे एका कागदावर लिहून घ्या, आणि चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उरलेले काढून घ्या. सणाच्या दिवशी तिथली ओपीडी बंद असू शकते, आधी फोन करून विचारा. गाडीत चढताना डावा हात दांड्याला लावू देऊ नका. तुम्ही मागून आधार द्या, सामान दुसऱ्या कोणाकडे.

आणि गावातलं घर. आई तिथे पोचल्या की स्वयंपाकघरात शिरणार, हे मी माझ्या आईवरून सांगते. नारळ खोवताना वाटी दोन्ही तळव्यांनी विळीवर दाबून फिरवावी लागते. उकड गरम असताना तळव्याच्या जोरावर मळावी लागते. मोदकाची पारी डाव्या तळव्यावर धरून उजव्या हाताने कळ्या पाडतात. ही तिन्ही कामं नेमकी त्या सहा टाक्यांवर येतात. यंदा त्यांनी खुर्चीवर बसून सांगावं आणि बाकीच्यांनी करावं. गौरींना हातभर बांगड्या भरायच्या असतील तर उजव्या हातात भराव्यात. डाव्या मनगटावर काचेची बांगडी घासणं अजून तीन-चार आठवडे नको.

टाके निघाल्यावर एक आठवडा जाऊ द्या आणि मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून व्रणावर अंगठ्याने गोल गोल, थोडं दाबून, दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं चोळा. व्रण दोन-तीन महिने लाल आणि कडक राहील, मनगटाच्या घडीवरचा जरा जास्त. तिथे दाबलं की झिणझिण्या येऊ शकतात, त्या हळूहळू कमी होतात. भरलेली बादली, कुकर, पिठाची गोणी डाव्या हाताने उचलणं जखमेपासून सहा आठवडे टाळा. मुंबईला परतल्यावर एकदा हात दाखवा, आणि तेव्हा मूठ पूर्ण मिटते का, चारही बोटांची टोकं तळव्याला टेकतात का, हे डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा. टेकत नसतील तर त्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू करा.